दुसरा शब्द

"दिवा लागेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत, सुरभी. पहिला शब्द देवाचा. मग दिवसभर काय बडबडायचं ते बडबड."

प्रभावती आत्याचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि बोलायला लागले की मधे श्वास घेत नसे. आत्यानं हे मौन माझ्या गळ्यात बांधलं ते बहुधा स्वतःच्या कानांना विसावा म्हणून... पण पुढे तेच माझं व्रत झालं. आत्या गेली, मौन राहिलं. आज चौदा वर्षं झाली. उजाडता उजाडता अंघोळ करायची, एकवीस दूर्वा आणि तुपाची वात घ्यायची आणि चिंतामणीच्या पायऱ्या उतरायच्या. आमच्या कळंबचा देव जमिनीच्या खाली बसतो, त्याच्याकडे जायचं तर खाली जावं लागतं. वात लावायची, डोळे मिटायचे आणि त्याचं नाव घ्यायचं. तो दिवसाचा पहिला शब्द.

दुसऱ्या शब्दाचं असं काही ठरलेलं नव्हतं. वर आले की फुलवाली तुळसाबाई विचारायची, "झालं का वो दर्शन?" मी म्हणायची, "झालं." दुसरा शब्द रोज असाच तिच्या टोपलीत पडायचा.

कार्तिकातल्या त्या सकाळी मात्र वात लागायच्या आधीच एक माणूस आडवा आला.

धुकं होतं. नुकतीच कापसाची गाडी गेलेली, रस्त्याकडेच्या बाभळीला पांढरे पुंजके लटकत होते. समोरून निळ्या शर्टातला एक उंच तरुण आला. खांद्याला मोजायच्या टेपचं भेंडोळं, काखेत वही.

"ओ ताई, इथं जुनी विहीर कुठी आहे?"

मी बोटानं माझ्या पाठीमागची वाट दाखवली.

"डांबरी रस्त्यानं का आतून?"

मी पुन्हा बोट दाखवलं, मग ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अरे... सॉरी हं. ऐकू – येते – का?" तो सावकाश, मोठ्यानं, हातवारे करून म्हणाला.

मी मान डोलावली. हसू येत होतं, पण हसू म्हणजे काही शब्द नव्हे, म्हणून थोडं हसलेही. झालं! मुक्या मुलीशी बोलायला माणसाला जी मोकळीक मिळते ती त्याला मिळाली. देवळापर्यंत तो माझ्या बाजूनं चालत राहिला आणि बोलत राहिला. नाव संघर्ष. दारव्ह्याचा. पाण्याच्या एका अभ्यासावर तात्पुरता लागलाय. विहिरींची पातळी मोजायची, तीही पंप सुरू व्हायच्या आत, म्हणून इतक्या सकाळी.

"माझी आई रोज सकाळी बुद्धवंदना घेते," तो म्हणाला. "मी तीही घेत नाही. मी भौतिकवादी. जे आहे ते हेच – माती, पाणी, आपण. तुमच्या या कुंडात म्हणे बारा वर्षांनी गंगा वर येते, देवाच्या पायाले लागते अन् ओसरते. भूजल आहे ते, बाकी काही नाही." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "रागावू नका. तुमचे डोळे लय बोलतात, एवढं मात्र खरं."

मी खाली उतरले. त्या दिवशी दूर्वा मोजताना सोळावरून परत एकावर आले.

वर आले तर तो तिथंच, टेप गुंडाळत उभा. तुळसाबाईनं विचारलं, "झालं का वो दर्शन?"

"झालं," मी म्हणाले.

त्याच्या हातून टेप सुटला आणि भराभरा उलगडत गेला.

"तुम्ही... बोलता?"

"दिवा लागला की बोलते," मी हळूच म्हणाले. "विहीर तुम्ही मागेच टाकून आलात. आणि ते 'ताई' तेवढं परत घ्या."

"घेतलं!" तो म्हणाला – इतक्या घाईनं, की तुळसाबाई पदर तोंडाला लावून हसली.

*

दुपारी तो वाचनालयात आला. मी तिथं ग्रंथपाल आहे आणि माझे बाबा, सदाशिवराव, वाचनालयाचे चिटणीस. त्याला लोकायतावरचं एक जुनं पुस्तक हवं होतं. देव, परलोक, आत्मा काही न मानणाऱ्या जुन्या काळच्या लोकांचं मत त्यात मांडलेलं होतं. शोधत शोधत तो भौतिकशास्त्राच्या कपाटापाशी थांबला. उष्णता आणि प्रकाश यांच्या मधोमध ते पुस्तक उभं होतं.

"हे इथं काहून?"

"आत पानोपान 'भौतिकवाद' असं लिहिलंय. मी भौतिकात लावलं."

तो डोकं मागे टाकून हसला. "एका परीनं बरोबरच आहे."

त्या हसण्यानं मला काय झालं ते मी देवालाही लगेच सांगितलं नाही.

रविवारी दुपारी वरच्या खोलीत चर्चा घ्यायची त्यानं परवानगी मागितली. फळ्यावर मीच लिहिलं : 'भौतिकवाद – अर्थ आणि आक्षेप.' पहिल्या रविवारी अकरा जण आले. त्यांतली तीन मुलं बारावीच्या फिजिक्सची शिकवणी समजून आलेली. आणि बाबा आले ते भांडायलाच.

"भौतिकवाद म्हणजे गाडी, बंगला, एसी," बाबा म्हणाले. "अन् हा पोट्टा तेच पाहिजे म्हणून राह्यला!"

"काका, तो हावरटपणा," संघर्ष शांतपणे म्हणाला. "तिजोरीपुढं रोज उदबत्ती लावणाराही हावरट असू शकते. मी म्हणतो ते इतकंच – जग वस्तूंचं बनलंय, मनही शरीरातूनच येते, शरीर गेलं की गेलं."

"मेल्यावर काहीच नाही म्हणशील, तं माणूस चांगला कायले वागन?"

"मेल्यावर काही नाही म्हणूनच तं आज वागायचं. नंतर माफी मागायले कोणी भेटत नाही."

घरी येताना बाबा म्हणाले, "दोन शर्टांत वर्ष काढणारा भौतिकवादी पहिल्यांदा पाहिला बाप्पा." मला ते दोन्ही शर्ट पाठ झाले होते. एक निळा, एक चौकड्यांचा.

रोज सकाळी तो विहिरीवर असायचा. मी ओठ मिटून समोरून जायची, तो मान लववायचा. परत येताना दोन वाक्यं, कधी चार.

"नावातच भांडण आहे तुमच्या," मी एकदा म्हटलं.

"मग तुम्ही गोड नावानं हाक मारा."

मी त्याला नावानं कधीच हाक मारली नव्हती. अहो, तुम्ही, जरा ऐकता का – एवढ्यावरच भागवत होते.

*

तिसऱ्या रविवारी उर्वशी आली.

यवतमाळहून स्कूटीवर. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारी, त्याची जुनी ओळखीची. हेल्मेट काढलं आणि केस खांद्यावर पडले, तेसुद्धा एखादा मुद्दा मांडल्यासारखे.

"अरे संघर्ष, तू अजून इथंच अडकला का?" जिन्यातूनच ती म्हणाली.

अरे. संघर्ष. तू. एका दमात तिनं तिन्ही शब्द घेऊन टाकले.

तो अर्धं वाक्य बोलायचा, उरलेलं ती पुरं करायची. ती अर्धं बोलायची, तो खोडून काढायचा. आणि हसणं... डोकं मागे टाकून, अगदी तेच. तोवर तो माझ्याजवळ तसा चार वेळा हसला होता. तिच्याजवळ एका तासात सहा वेळा. मी मुद्दाम मोजत नव्हते. रोज दूर्वा मोजणाऱ्या हाताला सवयच असते.

मी चहा केला. उर्वशीच्या कपात साखर घातलीच नाही. तिनं घोट घेतला आणि चेहरा उजळला. "वा! मी बिनसाखरेचाच घेते, तुला कसं कळलं गं?"

दुसऱ्या दिवशी मी देवाला सांगितलं, मला मत्सर बित्सर काही होत नाहीये. देवानं ऐकून घेतलं. त्याचं तेच बरं असतं, तो काही बोलत नाही.

जाताना उर्वशी ते लोकायताचं पुस्तक मागून गेली होती. "पुढच्या रविवारी नेते. संघर्षनं त्यात खुणा केल्या आहेत म्हणे पेन्सिलीनं." ती खाली उतरल्याबरोबर मी पुस्तक काढलं, मागच्या पानावरच्या कार्डावर स्वतःचं नाव टाकलं आणि माझ्या खणात ठेवून दिलं. चौदा वर्षांत मी देवाची चोरी केली नव्हती... वाचनालयाची केली.

आणि मग मी ते वाचलं. दुपारी, वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे डुलक्या घेत असताना. आधी फक्त त्याच्या खुणा शोधायला. मग खरंच. एके ठिकाणी समासात त्यानं लिहिलं होतं, 'जडातून जीव – कसा?' तो प्रश्न मला दिवसभर चिकटून राहिला. भाजी चिरताना, वाती वळताना.

*

पुढचा रविवार संकष्टीचा होता. मला उपास. बाहेर मळभ आलेलं, मधूनच चार थेंब पडून जात होते, आणि वेचणीचा कापूस भिजेल म्हणून निम्मी माणसं खिडकीतून आभाळाकडेच पाहत होती.

बाबांनी नेमका तोच प्रश्न विचारला. "दगडात जीव नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. मग या निर्जीव गोष्टी एकत्र आल्या म्हणून जीव कुठून आला रे?"

संघर्ष उठायच्या आत उर्वशी उठली. पर्समधून पानठेल्यावरची पुडी काढली. "काका, हे पान, हिरवं. हा चुना, पांढरा. ही सुपारी. कात घातला नाही बरं का! आता यात लाल रंग कशात आहे?"

"कशातच नाही," बाबा म्हणाले.

"पाहा मग." तिनं चुना लावला, सुपारी घातली, विडा दुमडला आणि सरळ त्याच्या तोंडाशी नेला. "आ कर."

त्यानं तोंड उघडलं! सगळ्यांसमोर! चावू लागला. खिडकीवर थेंबांचा बारीक आवाज.

"जीभ दाखव."

जीभ लालभडक.

"बघा. कशातच नव्हता तो रंग, एकत्र आल्यावर आला. तसंच शरीर, तसंच मन."

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "रंगला तं मग विडा!" आणि सगळे खो खो हसले, कारण आमच्याकडे एकीच्या हातचा विडा दुसऱ्याच्या तोंडात रंगला की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

मी कधी बोलत नाही चर्चेत. पण माझ्या कानशिलांवर काहीतरी जळत होतं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"लाल झालं हे कळलं कोणाला?"

सगळे वळले.

"म्हणजे... पानाला कळलं नाही. चुन्याला नाही. यांची जीभ लाल झाली, पण ती यांना स्वतःला दिसत नाही. मला दिसतेय. तुमच्या विड्यानं रंग आला, खरं आहे. पण तो रंग पाहून कोणाला हसू येतं आणि कोणाला... टोचतं. ते टोचणं कशात होतं? सुपारीत?"

बाबा माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी बारा वर्षांची होऊन परत आले होते. मग उर्वशीनंच टेबलावर थाप मारली. "क्या बात है! माझ्या वर्गात वर्षभर कोणी इतकं नेमकं विचारत नाही."

संघर्ष उभा होता. लाल ओठ, हातात खडू.

"याचं उत्तर..." तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "माझ्याजवळ नाही. आजच्या तारखेला नाही."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला फक्त रडू येत होतं.

*

चर्चा संपल्यावर उर्वशी टेबलापाशी आली. "ते पुस्तक काढून ठेवलं का?"

"नाही... कोणीतरी नेलंय."

"हाव का? तुझा खण उघडा आहे, पुस्तकाचं मागचं पानही उघडंच आहे, अन् कार्डावर तुझंच नाव आहे."

जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं उतरले असते. देवाला तरी जवळ झाले असते.

"वाच गं, सावकाश वाच," ती हेल्मेट चढवत म्हणाली. डोळे मिस्कील. "मले फक्त पुस्तक पाहिजे होतं, बाई. बाकी तुझं तुझ्याजवळच राहू दे. अन् एक सांगू? ती तुमची जुनी विहीर आहे ना... ती आठवड्यातून एकदाच मोजायची असते."

स्कूटीचा आवाज दूर गेला. मी खण बंद केला.

संघर्ष खुर्च्या लावून खाली आला तेव्हा सहा वाजत आले होते. बाबा पुढे गेलेले. मी कुलूप हातात घेऊन दारात उभी.

"विहीर आठवड्यातून एकदा मोजतात म्हणे?"

तो थबकला. "रोज पाहिलेलं चांगलं असते. पाणी खाली जाते."

"किती गेलं खाली?"

त्यानं वही पुढे धरली. बहुतेक हरल्यासारखी. मी उघडली. तारीख, वेळ, पातळी, आणि शेवटचा रकाना : शेरा. पातळी सहा मीटर चाळीस. शेरा : आज लवकर आली. पातळी सहा मीटर चाळीस. शेरा : हिरवी ओढणी. सहा पंचेचाळीस. शेरा : पाहिलं नाही माझ्याकडं, काहून?

"हे तुम्ही साहेबांना देता?"

"साहेबांची वही वेगळी आहे."

हसू आणि रडू एकदम आलं. आणि तरीही, देव क्षमा करो, मी आधी तेच विचारलं. "आणि तिच्या हातचा विडा?"

"तो सिद्धांत होता."

"रंगला होता."

"चुना अन् सुपारी, क्रिया होते ती—"

"आमच्याकडे रंगलेल्या विड्याला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणून तं मागं जाऊन तीनदा चूळ भरून आलो."

थेंब पुन्हा सुरू झाले. आम्ही दोघं उंबऱ्याच्या आत सरकलो. त्याच्या शर्टाला – आज चौकड्यांचा – ओल्या मातीचा वास होता.

"तुम्हाले वाटते तुम्हीच जळता?" तो खाली पाहत म्हणाला. "मी महिनाभर जळून राह्यलो."

"कोणावर?"

"तो खाली बसलाय ना, त्याच्यावर."

"चिंतामणीवर?" मला खरंच कळेना. "जो नाहीच म्हणता, त्याच्यावर?"

"तेच तं ना! असता तं भांडलो असतो. चौदा वर्षं पहिला शब्द त्याले. मी विहिरीत टेप सोडून उभा, तुम्ही समोरून जाता, ओठ मिटून, त्याच्यासाठी जपून. मले वाटे मी सिद्धांतासाठी वाद घालतो. आज तुम्ही विचारलं टोचणं कशात असते, तवा समजलं. तो नाही हे मले सिद्ध करायचं होतं, कारण तो माझ्या आधी होता."

आता तो म्हणेल, सोडा ते मौन. माझ्यासाठी. आणि मी काय सांगेन? आत्याला, देवाला, स्वतःला? तो मागेल आणि मी नाही म्हणेन, आणि उद्यापासून विहिरीवर कोणी नसेल...

"मग... सोडायला सांगता?" मी कसंबसं विचारलं.

त्यानं दचकून वर पाहिलं. "काहून? मौनातच तं पाहिलं तुम्हाले पहिल्यांदा." मग हळूच, "मी देव मानणार नाही हं. ते खोटं होईन."

"मी सोडणार नाही. तेही खोटं होईल."

"चालते." तो हसला, पण डोकं मागे न टाकता, अगदी जवळून, नुसत्या डोळ्यांनी. "आपल्या भाषेनंच घात केला माझा. जड म्हणजे ज्यात जीव नाही ते. अन् माणूस आवडलं की म्हणतात जीव जडला. जडातून जीव कसा येते ते सांगत गावभर फिरलो, अन् इथं... माझाच जडला."

मी काही बोलू शकले नाही. दिवा लागून बारा तास झाले होते, तरी.

पुढचं सोपं नव्हतं हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. त्याच्या घरी बुद्धाची तसबीर, आमच्या घरी गणपतीची. बाबांना त्याचे प्रश्न आवडत, पण प्रश्न आवडणं आणि जावई आवडणं यांत आमच्या गावात अजून बरंच अंतर आहे. ते बोलावं लागणार होतं, एक एक करून, दिवसाउजेडी. पण आधी एक शब्द द्यायचा होता.

"पहिला देता येणार नाही," मी म्हणाले. "तो त्याचा आहे."

"समजते मले."

"दुसरा देईन."

"दुसरा?"

"आत्या फक्त पहिल्याबद्दल बोलली होती. दुसऱ्याचं तिनं काहीच सांगितलं नाही. तो मोकळा आहे."

त्याचा श्वास मला ऐकू आला. "काय असन तो?"

"उद्या सकाळी कळेल. विहिरीवर."

*

सकाळी मळभ गेलेलं होतं. पायऱ्या ओल्या, थंड. मी वात लावली, एकवीस दूर्वा वाहिल्या – एकदाही न चुकता – आणि डोळे मिटून चिंतामणीचं नाव घेतलं. तो नेहमीसारखाच होता. शांत. मला वाटलं थोडा हसरा, पण तो तर नेहमीच तसा असतो. पुस्तकाचंही सांगून टाकलं, मनातल्या मनात. आज कार्डावरचं माझं नाव खोडायचं आहे आणि पुस्तक यवतमाळला पाठवायचं आहे.

वर आले. टोपलीत पिवळी शेवंती होती.

"झालं का वो दर्शन?"

मी मान डोलावली.

"काहून गं? दिवा लागला ना? मौन सुटलं नाही का आज?"

मी तिच्याकडे पाहून हसले. ओठ घट्ट मिटलेलेच. तुळसाबाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं, मग विहिरीच्या बाजूला पाहिलं, आणि काही न बोलता एक शेवंती माझ्या हातावर ठेवली.

पंप अजून सुरू झाले नव्हते. भरली कळशी हिंदकळू नये म्हणून चालतात तशी, तोंडात तो एकच शब्द, आजवर कधी न घेतलेलं त्याचं नाव, सांभाळत, मी विहिरीच्या वाटेला लागले.